चामडं काढल्यावर

पूलच्या टेबलावर प्राण्यांकडून आलेल्या बहुधा दोनच गोष्टी आता उरल्या आहेत: कापडातली लोकर आणि स्टिकच्या टोकाला चिकटवलेली जेमतेम १३ मिलिमीटरची चामड्याची चकती. बॉल एके काळी हस्तिदंताचे असत. हस्तिदंताला पर्याय शोधून देणाऱ्याला १० हजार डॉलर मिळतील, असं १८६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका बिलियर्ड कंपनीनं जाहीर केलं आणि त्या ओढीनं जॉन वेस्ली हायट सेल्युलॉइडपर्यंत पोचला. पुढे फेनॉलिक राळेचे बॉल आले, ते आजतागायत टिकून आहेत. आता स्टिकची दांडीसुद्धा मेपलच्या लाकडाऐवजी कार्बन फायबरची मिळते. टिप तेवढी चामड्याचीच राहिली. तिलाही पर्याय आहेत आणि ब्रेकच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीला बॉलचा रॅक फोडण्याच्या, स्टिकवर ते बऱ्याच वर्षांपासून दिसतात. पण रोजच्या खेळासाठी, हलक्या हाताच्या शॉटसाठी कृत्रिम टिप कशी चालते, हे मला स्वतः खेळून बघायचं होतं.

निमित्त पावसाळ्याचं. जून सरला की पुण्यातल्या आमच्या पार्लरमधल्या स्टिकच्या टिपा बिघडायला लागतात. चामडं हवेतला ओलावा घेतं आणि मऊ पडतं. मग प्रत्येक फटक्याला ते थोडं थोडं पसरतं आणि फेरूलच्या, म्हणजे टिपेखालच्या पांढऱ्या टोपीच्या, कडेबाहेर ओठ काढतं. दुपारी एसी चालू, रात्री बंद, बाहेर संततधार. अशा हवेत काल जशी लागत होती तशी टिप आज लागत नाही. त्यात पार्लरच्या स्टिकवर लावतात त्या साध्या, एका तुकड्याच्या दाबलेल्या टिपा. एकाच डब्यातल्या दोन टिपा सारख्या निघतील याची खात्री नसते. अमेरिकेत काही हौशी लोक अशी साधी टिप रात्रभर दुधात भिजवून, मग शिकंज्यात दाबून घट्ट करतात आणि त्यांचं त्या टिपेवर फार प्रेम असतं. पातळ थर एकावर एक चिकटवलेल्या लेयर टिपा जास्त एकसारख्या असतात. कामुई, मूरी ही त्यातली मोठी जपानी नावं. पण तसल्या एका टिपेच्या किमतीत साध्या टिपांचा जवळजवळ अख्खा डबा येतो.

आमच्याकडे टिपा लावतात ते मामा. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका जिमखान्यात मार्कर म्हणून काढली. ज्यांनी फक्त पूल पार्लर पाहिली आहेत त्यांना मार्कर ही काय चीज असते हे कळायचं नाही. गुण मांडायचे, कापडावर ब्रश आणि इस्त्री फिरवायची, नवख्या सभासदाला हात धरून ब्रिज, म्हणजे स्टिकला आधार देणारी हाताची बैठक, शिकवायचा आणि टिपा बसवायच्या, अशी सगळी कामं या एका माणसाची. हा खेळ आपल्याकडे क्लब आणि जिमखान्यांतूनच वाढला. स्नूकरचा जन्मच १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमधला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड विजेते झाले, वैयक्तिक खेळातलं आपलं ते पहिलं जगज्जेतेपद. अशा प्रत्येक खेळाडूच्या मागे टिपेची काळजी घेणारा कुणीतरी हात असतोच. मामांचा हात तसा आहे.

मी दोन टिपा पुढे ठेवल्या. एक कडक, राळेत मुरवलेल्या कापडाची, ब्रेकसाठी. दुसरी काळसर, जरा दबणारी, पॉलिमरची, खेळण्यासाठी.

मामांनी काळी टिप नखानं दाबून पाहिली. ‘‘साहेब, ही चॉक धरणार नाही.’’

‘‘मामा, लावून तर बघू.’’

‘‘लावतो ना. लावायला माझं काय जातंय?’’

नंतर लक्षात आलं, सगळा प्रश्न त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकला होता.

जुनी टिप ब्लेडनं एका झटक्यात उडाली. फेरूलच्या तोंडावर वाळलेला गोंद होता, तो त्यांनी ब्लेड उभं धरून खरवडला आणि स्टिक ट्यूबलाइटकडे करून सपाटी डोळ्यांनी तपासली. फेरूल आणि टिप यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली तरी फटक्याचा आवाज बसका येतो. चामड्याची टिप असती तर तिची पाठ सँडपेपरवर घासायची, फेविक्विकचा थेंब सोडायचा, दाबायचं की झालं. चामडं गोंद पितं, त्याच्या धाग्यांत तो शिरतो. पॉलिमर काही पीत नाही. म्हणून मामांनी ब्लेडच्या टोकानं टिपेच्या पाठीवर आडव्या-उभ्या बारीक रेघा ओढल्या, तेलकटपणा जावा म्हणून पाठ स्पिरिटनं पुसली आणि मगच गोंद लावला. मग स्टिक उलटी करून टोक फळीवर टेकवलं आणि दोन्ही हातांनी भार दिला.

कडा काढायची वेळ आली तेव्हा दोन पदार्थांमधला फरक हाताला कळला. चामड्याची टिप फळीवर उलटी टेकवून ब्लेड फेरूलच्या कडेनं खाली ओढलं की जादा चामड्याची वळलेली पट्टी सुटून येते. काळ्या टिपेवर ब्लेड जेमतेम धरत होतं. कडक टिपेवरून तर ते सटकतच होतं. मामांनी फेरूलवर चिकटपट्टी गुंडाळली, चपटी बारीक कानस घेतली आणि स्टिक मांडीवर फिरवत घासायला सुरुवात केली. चार-पाच हात मारायचे, थांबायचं, बोटानं टिप चाचपायची. घासून टिप तापते आणि तापली की हा गोंद सैल होतो. सुटलेली टिप पुन्हा तितकी घट्ट बसत नाही. चामड्याच्या टिपेची कड शेवटी थुंकी लावून चामड्याच्याच तुकड्यानं घासून चकचकीत करतात, म्हणजे ती लवकर पसरत नाही. इथे तशी गरजच नव्हती. माथ्याला मात्र दोन्हींत सारखीच गोलाई लागते. अमेरिकेतले खेळाडू त्यासाठी त्यांच्या ५ किंवा १० सेंटच्या नाण्याच्या कडेची वर्तुळाकृती प्रमाण मानतात, म्हणजे सुमारे २१ किंवा १८ मिलिमीटर व्यासाची.

मग टेबल. मऊ टिप बॉलला जास्त वेळ धरून ठेवते, म्हणून जास्त स्पिन देते, ही समजूत सगळ्या पार्लरमध्ये पक्की असते. टिप आणि बॉल यांची गाठ पडते ती सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरती. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक राहिलेले डेव्हिड ॲल्शिएटोर यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं असे असंख्य फटके टिपले आहेत. बॉलच्या वेगाच्या मानानं त्याला किती फिरकी मिळणार, हे टिप त्याच्या मध्यापासून किती दूर लागली यावर ठरतं. टिप मऊ की कडक, याचा त्यात फारसा वाटा नाही. मला हे वाचून माहीत होतं, पण हाताला पटायला हवं होतं.

त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. पांढऱ्या बॉलऐवजी पट्ट्याचा बॉल घ्यायचा, ९ नंबर किंवा ११ नंबर, आणि पट्टा आडवा, टेबलाला समांतर ठेवायचा. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा. मध्यापासून साधारण १४ मिलिमीटरच्या, म्हणजे अर्ध्या त्रिज्येच्या पलीकडे टिप लागली की ती घसरते आणि मिसक्यू होतो. पट्ट्याची कड नेमकी याच हद्दीच्या आसपास येते. फटका मारल्यावर बॉल उचलून पाहायचा. चॉकचा निळा ठिपका पट्ट्यात कुठे उमटला ते दिसतं. आपल्याला वाटतं आपण अगदी खाली मारलं, आणि ठिपका मध्याच्या जरासाच खाली सापडतो. प्रत्येक खेळाडूनं हे एकदा तरी करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं. डोळा आपल्याला किती फसवतो ते दुसऱ्या कशानं इतकं स्वच्छ दिसत नाही.

एका स्टिकवर चामडं, दुसरीवर काळी टिप, आणि समोर लावलेला बॉल सरळ पॉकेटमध्ये घालून आपला बॉल मागे खेचायचा, म्हणजे स्क्रू. ठिपका पट्ट्याच्या खालच्या कडेशी उमटला की दोन्ही स्टिकनं बॉल सारखाच मागे यायचा. ठिपका वर सरकला की दोन्हींनी सारखाच कमी यायचा. फिरकीत मला फरक सापडला नाही. फरक होता वेगात. कडक पदार्थ फटक्याची ताकद कमी गिळतो, त्यामुळे त्याच हाताला बॉल थोडा जास्त धावतो. काळ्या टिपेनं मी जिथे बॉल थांबवायला जायचो, त्याच्या पुढे तो जायचा. ब्रेकच्या कडक टिपेत हे आणखी ठळक होतं. रॅक फुटतानाचा आवाज आणि बॉलची पांगापांग दोन्हींतून ते कळत होतं. ब्रेकला ही गोष्ट हवीच असते, म्हणून तिथे हा पदार्थ कधीच रुळून गेलाय.

आवाजही वेगळा. चामडं ‘थप्’ बोलतं, पॉलिमर ‘टक्’. हे वरवरचं वाटेल, पण खेळणारा अर्धा खेळ कानानं करतो. हळू शॉटमध्ये हात किती लागला हे आपण आवाजावरून मोजत असतो आणि आवाज बदलला की ते मोजमाप पुन्हा बसवावं लागतं. ते बसतं. त्याला वेळ द्यावा लागतो, एवढंच.

खरी अडचण मामांनी सांगितली तीच, चॉकची. फ्रान्सच्या कॅप्टन फ्रांस्वा मिंगोनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पॅरिसच्या तुरुंगात असताना, स्टिकच्या टोकाला चामडं लावलं आणि खेळाचं रूप पालटलं. त्याआधी उघडं लाकूड बॉलवरून घसरायचं. पण चामडं एकटं पुरं पडत नाही. त्याचे तंतू उभे राहतात, त्यांत चॉकची पूड अडकते आणि ती पूड बॉलला पकडते. चॉक म्हणतो खरं, पण त्यात खडू नसतो. शिकागोत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ मध्ये सिलिका आणि कुरुंदासारखे कठीण कण घातलेल्या चॉकचं पेटंट घेतलं, तेव्हापासूनची ही करामत. पॉलिमरच्या माथ्याला तसे तंतू नाहीत. सँडपेपरनं खरबरीत केला की तो चॉक धरतो, पण थोडाच, आणि काही फटक्यांत गुळगुळीत होऊन चकाकायला लागतो. चामड्याच्या टिपेवर चॉक न लावता दोन-तीन हलके शॉट खपून जातात. इथे मध्याबाहेरचा एकही शॉट चॉकशिवाय खपत नाही. त्यात पार्लरचा स्वस्त चॉक ओलसर हवेत गोळा होऊन बसतो, टिपेवर पसरतच नाही. चांगला, बारीक पसरणारा चॉक खिशात ठेवायला लागल्यापासून माझे मिसक्यू जवळजवळ थांबले आणि टिपेबद्दलच्या माझ्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या.

ओलाव्याचा प्रश्न मात्र काळ्या टिपेनं पुरता सोडवला. भर श्रावणातही तिची कड फेरूलबाहेर आली नाही. पावसाळ्यात बॉल मंद धावतो तो कापडामुळेही, त्यावर टिपेचा इलाज नाही. पण निदान स्टिक रोज एकसारखी लागते. पार्लरच्या सार्वजनिक स्टिकवर तर याच टिपा असाव्यात, असं माझं ठाम मत झालं आहे. रोज वेगवेगळे पंचवीस हात ज्या स्टिकला लागतात, तिथे कुणी चामड्याची निगा राखत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल टेबलाभोवती फारसं बोललं जात नाही. महागड्या लेयर टिपांपैकी बऱ्याच डुकराच्या कातड्याच्या असतात. आमच्याबरोबर खेळणाऱ्यांत मुसलमान मुलं आहेत, जैन घरातली आहेत. कुणी कळत नकळत खेळतात, कुणी विचारून साधी टिप लावून घेतात, कुणी चामडं म्हटल्यावर नकोच म्हणतात. त्यांना चांगल्या टिपेसाठी मनाविरुद्ध जावं लागू नये, ही माझ्या दृष्टीनं कृत्रिम टिपेच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. नियमांची अडचणही नाही: जागतिक पूल संघटना चामड्याबरोबरच तंतुमय किंवा लवचीक पदार्थाची टिप चालवते, फक्त ती १४ मिलिमीटरपेक्षा रुंद नको.

माझ्या पूलच्या स्टिकवर आता काळी टिप कायम आहे, ब्रेकच्या स्टिकवर कडक. स्नूकरच्या स्टिकला मी हात लावलेला नाही. तिथे टिप साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास, बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा, टेबल १२ फुटी आणि निम्मे शॉट इतके अलगद की बॉलला चार बोटं अधिक वेग मिळाला तरी सेफ्टी, म्हणजे बचावाचा शॉट, उघडी पडते. तिथे मला अजून मऊ चामड्याचा दबलेला ‘थप्’च हवा. मामांनी परवा माझी काळी टिप खरबरीत करताना तसल्याच टिपांची उरलेली पाकिटं मागून घेतली आणि पार्लरच्या स्टिकपैकी खिडकीजवळच्या, सगळ्यात ओल खाणाऱ्या स्टँडवरच्या स्टिकना त्या लावायला घेतल्या आहेत.