थंडीतील खुराडे आणि ओलावा

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात कपाशी आणि संत्र्याच्या जोडीला दहावीस कोंबड्या बाळगणारी घरे पुष्कळ आहेत. पौषाचा गारठा पडला की या घरांतून गोणपाटे निघतात आणि खुराड्याची एकूणएक फट बुजविली जाते. हेतू मायेचा असतो; पण त्या मायेपायीच कोंबड्या दगावतात.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीत मीही आमचे पत्र्याचे खुराडे असेच लपेटून टाकले. आठव्या दिवशी सकाळी दार उघडले, तो आतून अशी उग्र वाफ आली की डोळ्यांत पाणी उभे राहिले. पत्र्याच्या आतल्या अंगाने थेंब ठिबकत होते, खालचा भुसा चिखल झाला होता आणि चार कोंबड्या घरघरत होत्या. पैकी दोन वाचल्या नाहीत.

पाऊस नसताना हे पाणी आले कोठून? ते कोंबड्यांचेच होते. कोंबडीला घाम येत नाही; अंगातले पाणी ती श्वासावाटे आणि विष्ठेवाटे टाकते. अंडी देणाऱ्या दहा कोंबड्या दिवसाकाठी सुमारे २ लिटर पाणी पितात. थोडे अंड्यांत जाते, उरलेले बहुतेक बाहेर पडते. ही दमट ऊब वर चढते आणि थंड पत्र्याला लागताच तिचे पाणी होऊन खाली गळते. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो. तो श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला इजा करतो आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते. शिवाय ओल्या भुशात रक्ती हगवण फैलावते ती वेगळीच.

कोंबडीचे उष्णतामान मुळातच सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. पिसे कोरडी असली, तर आपल्याकडची थंडी मोठी कोंबडी सहज सोसते. तिला सोसवत नाही ते भिजलेले पीस आणि अंगावर थेट येणारा वारा. जुन्या कवेलूंच्या छपरातून दमट हवा सांधींवाटे आपोआप निघून जाई. पत्रा आला, टिकाऊपणा आला. सांधी मात्र गेल्या.

म्हणून पडदा वरून खाली सोडू नये, खालून वर बांधावा. बसलेल्या कोंबडीच्या डोक्यावर हातभर जाईल इतकाच असावा. छपराखाली दोन्ही लांब बाजूंना वीतभर जागा रात्रंदिवस उघडी राहू द्यावी. मुंगूस आणि मांजरासाठी तेथे जाळी ठोकावी. उन्हे आली की पडदे काढावेत. भुसा ४-५ इंच जाड पसरून वरचेवर हलवावा. मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा झाला, तर तो ओला समजून बदलावा. लहान पिलांची गोष्ट निराळी, त्यांना ऊब हवीच. पण बंद जागेत कोळशाची शेगडी ठेवणे म्हणजे विषारी धुराशी गाठ. त्यापेक्षा विजेचा दिवा बरा.

आणि सकाळी वास घ्यावयाचा तो उभ्याने नव्हे, कोंबडीच्या उंचीला बसून. तेथे नाक चुरचुरले, तर त्या रात्री पडदा आणखी एक वीत खाली घ्यावा, मग बाहेर कितीही गारठा असो.