डोंगर चढायचा तर कपडे थराथराने घाला

२५ मे २०१४ रोजी आजच्या तेलंगणातील मलावत पूर्णा आणि आनंदकुमार एव्हरेस्टवर पोहोचले. दोघेही समाजकल्याणच्या निवासी शाळांचे विद्यार्थी. पूर्णा शेतमजुराची मुलगी, वयाची चौदा वर्षेही पुरी न झालेली. आपलीही मुले अशी स्वप्ने पाहतात. मुलगा किंवा मुलगी उत्तरकाशीच्या, दार्जिलिंगच्या गिर्यारोहण शिबिराला निघाली की आईबाप उसनवारी करून जाडजूड जाकीट आणतात. त्यांना आम्ही म्हणू, जरा थांबा.

उंच डोंगरात थंडी अंगात शिरते ती पुष्कळदा घामाच्या वाटेने. चढताना अंग तापते, सुती बनियन घाम पिऊन बसते. मग विसाव्याला थांबावे, वारा सुटावा, की तेच ओले बनियन अंगातली ऊब ओढून घेते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यात तिकडचे हवामान बेभरवशाचे. सकाळी कडक ऊन, दुपारी बर्फ. सुती कपडा आपल्या उन्हाळ्यात सोन्यासारखा, पण तिथे तो नको. जीनची पँट तर नकोच नको.

अंगालगत पातळ लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे कपडे असावेत. त्यावर स्वेटर किंवा फ्लीस. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ बरे, कारण ऊब धरते ती मध्ये अडकलेली हवा, आणि हवा तेव्हा एक काढता येतो. सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे, जरा ढगळ जाकीट. पिसांचे जाकीट थांबल्यावर घालायचे. ते भिजले की त्याची ऊब गेलीच.

ही युक्ती जुनीच आहे. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा अंगावर रेशीम, लोकर, थोडे सूतही, असे पातळ थर होते आणि वर गॅबर्डिन. २००६ मध्ये तसेच कपडे शिवून एव्हरेस्टच्या उतारावर घालून पाहिले, तर ते हलके नि उबदार निघाले!

चढायला निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. थोड्याच वेळात अंग तापते. घाम फुटण्याआधी एक थर काढावा, थांबताक्षणी पुन्हा चढवावा. मुले याचा कंटाळा करतात, म्हणून घरूनच बजावून पाठवा. कोरडे मोजे आणि आतला एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून द्या. बूट, स्लीपिंग बॅग, पिसांचे जाकीट बहुधा शिबिरातच वापरायला मिळते. माहितीपत्रक वाचून खात्री करा आणि पैसे आतल्या कपड्यांसाठी राखून ठेवा. आईने विणलेला लोकरीचा स्वेटर असेल, तर मधल्या थराचा खर्चही वाचला.