आलेखातील रंगछटा

आलेखातील वक्ररेषा एखाद्या राशीतील चढउतार दर्शविते. रेषेखालील क्षेत्र रंगविल्यास ते चढउतार चटकन नजरेत भरतात. इंग्लंडमध्ये १७८६ साली विल्यम प्लेफेअर यांनी आयात व निर्यात यांच्या रेषांमधील जागा रंगवून व्यापारातील नफा-तूट दाखविली होती. तेव्हा रंग हाताने भरत; आता ते काम संगणक करतो.

दिवसभरातील तापमानाच्या आलेखात तळाशी फिकट पिवळी, मध्ये नारिंगी आणि वर गडद लाल अशी चढती रंगछटा देता येते. संगणक प्रथम संपूर्ण चौकटीत ही छटा भरतो. नंतर वक्ररेषेखालील भाग तेवढा ठेवून उरलेला झाकतो.

मात्र येथे दक्षता हवी. प्रत्येक आलेखातील सर्वोच्च बिंदूला गडद लाल रंग दिला, तर ३० अंश सेल्सिअसचा सौम्य दिवस आणि ४५ अंशांचा होरपळणारा दिवस सारखेच भासतात. उष्म्याचा धोका ओळखू पाहणाऱ्याची अशाने दिशाभूल होते. म्हणून रंग उंचीशी नव्हे, तर मूल्याशी जोडावा. ४० अंशांची छटा सर्व आलेखांत एकच असावी आणि शेजारी रंगांची सूची द्यावी. अशा आलेखातील रंग शोभेपुरता उरत नाही. तो माहिती देतो.