हिरवळ कापण्याचे यंत्र : पायी चालवावयाचे की उभे राहून?

धान्याच्या व्यापाऱ्याने गवताविषयी लिहावे हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत हा विषय आपल्या सभासदांपुढे वारंवार येऊ लागला आहे. हुबळी व धारवाड ही दोन शहरे १९६२ साली एका महानगरपालिकेखाली आली. त्या वेळी दोहोंच्या मधला बराचसा भाग शेतीचाच होता. आज अमरगोळच्या बाजार आवारातून धारवाडकडे निघाले की नवनगर, रायापूर, सत्तूरपर्यंत कारखाने, शाळा, रुग्णालये, मंदिरे व मंगल कार्यालये यांची रांग लागते. गावातील दाटीस कंटाळून संस्था या रस्त्यावर आल्या, त्यांना मोकळी जागा मिळाली, आणि मोकळ्या जागेबरोबर हिरवळही आली. अशा संस्थांच्या कार्यकारी मंडळांवर आपल्यापैकी अनेकजण असतात. पावसाळा लागला की सभेपुढे प्रश्न येतो : गवत वाढले, यंत्र कोणते घ्यावे?

यंत्राचे मूळ आपल्या कापडवाल्या बंधूंना आवडेल असे आहे. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड गावाच्या परिसरात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरची लव छाटून ते गुळगुळीत करण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांचे एक यंत्र वापरीत. ते पाहून एडविन बडिंग नावाच्या कारागिराच्या मनात आले की, जे कापडावर चालते ते जमिनीवर का चालू नये? १८३० साली त्याने हिरवळ कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. तोपर्यंत हे काम विळ्यांनी, कोयत्यांनी किंवा मेंढ्या चारून होत असे. बडिंगच्या पद्धतीची दंडगोलावरील पाती क्रिकेटच्या मैदानांवर आजही वापरात आहेत. संस्थांच्या आवारात मात्र आडवे पाते गरगर फिरविणारी यंत्रेच अधिक दिसतात, आणि आपला प्रश्न त्यांच्यापुरताच आहे.

या यंत्रांचे दोन वर्ग लक्षात घ्यावयाचे. पहिल्या वर्गात माणूस यंत्राच्या मागून चालतो. यास सोयीसाठी 'पायी यंत्र' म्हणू. त्यात एकवीस इंची, ३५ ते ४० किलो वजनाचे साधे यंत्र येते, तसेच छत्तीस इंची, दोन ते तीन क्विंटल वजनाचे मोठे यंत्रही येते. दुसऱ्या वर्गात यंत्राच्या मागील बाजूस स्प्रिंगवर बसविलेली लहानशी फळी असते, तिच्यावर उभे राहून माणूस दोन दांड्यांनी यंत्र हाकतो. यास 'उभे यंत्र' म्हणू. हे मुख्यत्वे अमेरिकेतील कंत्राटदारांच्या गरजेतून आले. तेथे मोठ्या पायी यंत्रास मागे दोन चाकांची गाडी जोडून तिच्यावर उभे राहण्याची युक्ती आधी निघाली. पुढे १९९० नंतरच्या दशकात फळी यंत्रातच बसविलेली राइट कंपनीची यंत्रे बाजारात आली व इतरांनीही ती उचलली. बसून चालवावयाच्या यंत्रापेक्षा ते लांबीला आखूड असते, जागच्या जागी वळते, आणि प्रसंग आल्यास चालकास मागे पाऊल टाकून तत्काळ खाली उतरता येते. शिवाय खाचखळग्यांचे धक्के बसलेल्या माणसाच्या मणक्यास लागतात, उभ्या माणसाचे गुडघे ते झेलतात. हे गुण खरे आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही.

आता हिशेब. एक एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ४०४७ चौरस मीटर. एकवीस इंची यंत्राचे पाते ५३ सेंटिमीटर रुंदीचे. परंतु प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा लागतो, म्हणून हाती ४५ सेंटिमीटरच येतात. याचा अर्थ एक एकर कापण्यास माळ्याला सुमारे नऊ किलोमीटर चालावे लागते. वळणे धरून अडीच तास. छत्तीस इंची पायी यंत्राने हेच अंतर पाच किलोमीटरवर येते व काम सव्वा तासात उरकते. अठ्ठेचाळीस इंची उभे यंत्र ताशी नऊ किलोमीटरने हाकले तर एकरास सुमारे पस्तीस मिनिटे पुरतात. पेट्रोलचे पाहावे तर लहान यंत्र ताशी सुमारे एक लिटर पिते आणि उभे यंत्र चार ते पाच लिटर. म्हणजे एकरी खर्च दोहोंचा जवळजवळ सारखाच, अडीच लिटरच्या आसपास. विक्रेता इंधनाच्या बचतीचे आकडे पुढे करू लागला तर वाचकांनी हे गणित मांडून पाहावे. मोठ्या यंत्रात बचत होते ती माणसाच्या वेळेची व श्रमांची.

तेव्हा वेळ किती वाचतो हाच खरा मुद्दा. हिरवळ वीस गुंठे असेल तर एकवीस इंची यंत्रास सव्वा तास लागेल व उभ्या यंत्रास अठरा मिनिटे. दर खेपेस एक तास वाचला. आपल्याकडे पावसाळ्यात आठवड्यास एकदा व पुढे पाणी देत असल्यास पंधरवड्यास एकदा कापणी धरली, तर वर्षाकाठी सुमारे पस्तीस खेपा होतात. पस्तीस तास म्हणजे मजुरीचे चार-साडेचार दिवस. एवढ्यासाठी कित्येक पट किमतीचे परदेशी यंत्र घेणे कोणत्या खतावणीत बसेल? उलट हिरवळ सलग दहा एकर असेल, तर लहान यंत्राने दर खेपेस पंचवीस तास लागतात. पावसाळ्यात पहिला कोपरा पुन्हा वाढेपर्यंत शेवटचा कोपरा जेमतेम संपतो. तेथे उभे यंत्र सहा तासांत मोकळे करते, आणि त्याची किंमत वसूल होते. माझ्या मते आपल्या भागात चार-पाच एकरांची सलग, झाडे व फरसबंदी नसलेली हिरवळ असल्याखेरीज उभ्या यंत्राचा विचारच करू नये. एक ते चार एकरांच्या मधल्या संस्थांस छत्तीस इंची पायी यंत्र उत्तम.

हा झाला कागदावरील हिशेब. जमिनीचा हिशेब वेगळा असतो. धारवाडच्या पश्चिमेस तांबडी माती आहे, पण हुबळीच्या बाजूस व पूर्वेस नवलगुंदकडे काळी कापसाची जमीन लागते. ही माती भिजली की फुगते व लोण्यासारखी मऊ होते, वाळली की तडकते. उभे यंत्र व त्यावरील माणूस मिळून साडेचार ते पाच क्विंटल भरतात. म्हणजे जोंधळ्याची नऊ-दहा पोती चार चाकांवर घालून ओल्या रानातून ओढण्यासारखेच ते आहे. श्रावणात ज्या दिवसांत गवत सर्वांत जोमाने वाढते, नेमक्या त्याच दिवसांत हे यंत्र काळ्या जमिनीवर चाकोऱ्या पाडते, आणि दाबलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. चाळीस किलोचे यंत्र तेथे निर्धास्तपणे फिरते. तांबड्या, मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीस हा आक्षेप तितकासा लागू नाही. म्हणून विक्रेत्यास दुकानात न भेटता पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी आपल्या आवारात बोलवावे, आणि आपल्याच गवतावर यंत्र चालवून दाखविण्यास सांगावे.

उतारावर अधिक सावधगिरी हवी. नृपतुंग टेकडीसारख्या जागी किंवा तलावाच्या बांधाशी हिरवळ असेल तर यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली उताराची मर्यादा आधी पाहावी. ती मर्यादा बहुधा पंधरा अंशांच्या आसपास असते, आणि ओल्या गवतावर तीही फार होते. लहान पायी यंत्र उतारास आडवे चालवावे, वर-खाली नव्हे. कारण पाय घसरला तर यंत्र अंगावर येते किंवा पाय पात्याखाली जातो.

पात्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो, हे मंडळावरील किती सभासदांस ठाऊक असते? एवढ्या वेगाने उडालेला खडा बंदुकीच्या गोळीसारखा लागतो. तरीही माळी पायांत चप्पल घालून यंत्रामागे चाललेला दिसतो. दांडीवरील खटका सोडताच पाते थांबावे अशी योजना यंत्रात असते. हात दुखतो म्हणून तो खटका सुतळीने कायमचा बांधून ठेवलेला मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. ओले गवत तुंबले की चालू यंत्रात हात घालण्याची सवय तर बोटे घेऊन जाते. यंत्र बंद करून, प्लगची तार काढून मगच काठीने गवत काढावयाचे. माळ्यास बूट, चष्मा व कानांवर झाकण देणे हा यंत्राच्या किमतीचाच भाग समजावा. अंदाजपत्रकात तो वेगळा धरला की पहिल्या कपातीत तोच जातो.

आपल्या समाजास आणखी एक बाजू विसरता येणार नाही. हिरवळ राखणे हेच काही वडीलधाऱ्यांस रुचत नाही, आणि चातुर्मासात तर नाहीच. त्यांचा आक्षेप खोडून काढण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ज्या संस्थेने हिरवळ ठेवली आहे, तिने निदान हिंसा कमी होईल असे तरी करावे. पावसाळ्यात गवतात बेडूक, सरडे असतात. टिटवी उन्हाळ्यात व पावसाच्या तोंडाशी उघड्या जमिनीवर खड्यांच्या रंगाची अंडी घालते. ती सहज दिसत नाहीत. माणसाच्या चालीने जाणाऱ्या यंत्रापुढे प्राण्यास पळावयास अवधी मिळतो, व चालकासही पाहावयास मिळतो. उभे यंत्र याच्या दुप्पट वेगाने जाते; त्यावरील माणूस उंच उभा असल्याने त्याला पुढचे चांगले दिसते हे खरे, पण थांबावयास वेळ कमी पडतो. यंत्र कोणतेही असो, आधी एका माणसाने काठी घेऊन जागा फिरून यावी, पाते जरा उंच बांधावे आणि दव वाळल्यावर काम सुरू करावे. गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी कापू नये हा बागकामाचा नियमच आहे. तो पाळला तर हरळीही दाट राहते. अष्टमी-चतुर्दशीस यंत्र बंद ठेवल्याने हिरवळीचे काहीही बिघडत नाही.

देणगीदारांविषयी थोडेसे. मोठे यंत्र द्यावे, त्यावर नाव घालावे, अशी इच्छा स्वाभाविक आहे. परंतु एका संस्थेतील असे भपकेदार यंत्र पट्टा तुटल्यावर सुटा भाग मिळेना म्हणून दोन पावसाळे पत्र्याच्या छपरीत पडून होते, आणि हिरवळ खांद्यावरील कंत्राटी यंत्राने कापली जात होती. ते फाटकातून आत नेण्यासाठी कुंपणाचा खांबही काढावा लागला होता. म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वी फाटकाची रुंदी मोजावी. पाती, पट्टे, तेलाच्या गाळण्या यांचा एक जादा संच यंत्राबरोबरच घ्यावा, आणि दुरुस्तीचा माणूस हुबळीत आहे की बेंगळुरूहून येणार, हे लेखी मागून घ्यावे. देणगीदारास पटत असेल तर एका मोठ्या यंत्राऐवजी दोन छत्तीस इंची पायी यंत्रे द्यावीत. एक दुरुस्तीस गेले तरी श्रावणात काम थांबत नाही, आणि नावाची पाटी दोहोंवर लावता येते.