विंग्सना टोचतंय कोण?

गैरसमज : कोंबड्यांना पंखात हार्मोनची इंजेक्शनं देतात, म्हणून विंग्स खाणाऱ्या मुलींच्या गर्भाशयात गाठी होतात.

हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात एक मैत्रीण असते, तिचं ऑपरेशन असतं आणि ‘विंग्स बंद करा’ असं बजावणारा एक डॉक्टर असतो. डॉक्टरांचं नाव, गाव, हॉस्पिटल मात्र कधीच नसतं. बरं, मेसेज पाठवणारी आई किंवा मावशी असते, तीही काळजीपोटी. त्यामुळे उलट बोलायचीही चोरी. म्हणून उत्तर एकदाच सविस्तर देऊन टाकू.

वस्तुस्थिती : वाढीचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, हे प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर ते पचून जातं. म्हणजे ते टोचावंच लागेल, आणि एकदा टोचून भागणार नाही, पुन्हा पुन्हा टोचावं लागेल. आता पाच हजार पक्ष्यांची एक शेड डोळ्यांसमोर आणा. ज्या शेतकऱ्याला किलोमागे काही रुपयेच सुटतात, तो पाच हजार कोंबड्या एकेक करून धरणार, महागडं औषध टोचणार, आणि धावपळीनं बिथरलेल्या पक्ष्यांचं वजन वर घटवून घेणार? धंदा कळणारा कुणीही यावर हसेल. अमेरिकेत तर कोंबड्यांना संप्रेरकं द्यायला कायद्यानंच मनाई आहे. तिथे पाकिटावर ‘संप्रेरकविरहित’ असं मिरवायचं असेल, तर ‘ती देण्यास मुळातच बंदी आहे’ हेही सोबत छापावं लागतं.

मग पोल्ट्रीत सुई नसतेच का? असते, पण लसीची. ब्रॉयलरच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात राणीखेत रोगाची लासोटा लस देतात, तीसुद्धा डोळ्यात थेंब टाकून. गंबोरोची लस पिण्याच्या पाण्यातून जाते. पंखाला टोचतात ती देवी रोगाची लस. दोन टोकांची बारीक सुई लसीत बुडवायची आणि पंख ताणून त्याच्या पातळ पडद्यातून आरपार काढायची. ही लस मुख्यतः अंड्यांवरच्या कोंबड्यांना देतात. तुमच्या ताटात येणारा ब्रॉयलर सहसा त्यांतला नसतो.

‘मग चाळीस दिवसांत दोन किलोची कोंबडी होते कशी?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर आहे निवड पैदास. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांच्या कोंबड्या एकाच खाद्यावर शेजारी-शेजारी वाढवल्या. ५६व्या दिवशी वजनं भरली अनुक्रमे सुमारे ९०५ ग्रॅम, १.८ किलो आणि ४.२ किलो. हा अभ्यास २०१४ मध्ये ‘पोल्ट्री सायन्स’ या नियतकालिकात आला. खाद्य तेच, फरक फक्त वाणाचा. या वेगाची किंमत कोंबडीचे पाय आणि हृदय मोजतात, त्यावर जरूर बोला. पण तो इंजेक्शनचा पराक्रम नव्हे.

आता गाठींचं. मेसेजमधल्या गाठी, म्हणजे सिस्ट, बहुतेकदा बीजकोशात होतात, गर्भाशयात नव्हे; इथेच लिहिणाऱ्याचं अज्ञान उघडं पडतं. पाळीच्या चक्रात तयार होणाऱ्या साध्या गाठी बऱ्याचदा आपोआप विरतात. पीसीओएस या बीजकोशाच्या विकाराचा संबंध आनुवंशिकता, इन्सुलिन आणि शरीरातल्याच संप्रेरकांशी आहे. डॉक्टर तळलेलं कमी करा म्हणतात ते वजनासाठी. पंख, तंगडी की छाती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

चीड येते ती यासाठी, की खरा प्रश्न या गोंगाटात बुडतो. तो आहे प्रतिजैविकांचा. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’नं २०१४ मध्ये राजधानी परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले; ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं कोलिस्टिन पशुपालनात वापरायला आपल्याकडे बंदी आली ती २०१९ मध्ये. यावर मेसेज का फिरत नाहीत?

उरलेसुरले गैरसमज

बफेलो विंग्समध्ये म्हशीचं मांस असतं. बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातलं शहर. तिथल्या अँकर बारमध्ये १९६४ साली टेरेसा बेलिसिमो यांनी पंख तळून तिखट सॉस आणि लोण्यात घोळवले, असं मानतात. त्याच शहरातले जॉन यंगही या श्रेयाचे दावेदार. जे पंख एरवी सुपाच्या पातेल्यात जायचे, त्यांची अमेरिकेनं मेजवानी केली. २०२४ च्या ‘सुपर बोल’ सामन्याच्या वेळी १४५ कोटी विंग्स फस्त होतील, असा तिथल्या चिकन उद्योगाच्या संघटनेचा अंदाज होता.

लॉलीपॉप म्हणजे लेगपीस. नाही. चायनीजच्या गाडीवरचं लॉलीपॉप हा पंखच. मांस सोडवून हाडाच्या एका टोकाला गोळा केलेला. मेसेज मानून विंग्स सोडणारे लॉलीपॉप मात्र खुशाल मागवतात.

बोनलेस विंग्स म्हणजे हाड काढलेले पंख. बहुधा ते छातीच्या मांसाचे तुकडे असतात. आणि ‘बोनलेस’ म्हणजे हाड नसल्याची हमी नव्हे, असा निकाल ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये दिला.

तिखटानं अल्सर होतो. बहुतेक अल्सरना हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या जबाबदार असतात. या जिवाणूच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. ज्यांना आधीच पित्त आहे, त्यांनी मात्र जपूनच खावं.

झणझणलं की पाणी प्यावं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या.

सगळा जाळ बियांत असतो. तो असतो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढरट गरात.

नळाखाली धुतलं की चिकन स्वच्छ. उलट जंतू ओट्यावर आणि सॅलडवर उडतात. ते मरतात उष्णतेनं : मांसाच्या आत ७४ अंश सेल्सिअस.

तेव्हा विंग्स बेतानं खा, नीट शिजवून खा आणि मजेत खा. दुकानदाराला विचारायचंच असेल, तर प्रतिजैविकांबद्दल विचारा. आणि तो मेसेज पुन्हा आला, तर पुढे ढकलण्याआधी एवढंच विचारा : ‘त्या डॉक्टरांचं नाव काय?’