एलिसला टायर कुठला?

ब्रिटनच्या लोटसने १९९६ साली एलिस ही छोटी स्पोर्ट्स कार विकायला काढली तेव्हा तिचं वजन होतं जेमतेम ७२५ किलो, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षा थोडंसंच जास्त. अ‍ॅल्युमिनियमचे पोकळ भाग चिकटवून केलेली चासी अवघी ६८ किलोंची, स्टिअरिंगला पॉवर नाही आणि पुढचे पिरेली टायर फक्त १८५ मिलिमीटर रुंद. दुसऱ्या आवृत्तीत ब्रिजस्टोन आले, तर पुढचे आणखी बारीक झाले: १७५. मागचे मात्र २२५.

हा कंजूषपणा नव्हता. इंजिन मागे, त्यामुळे साठ टक्क्यांच्या आसपास भार मागच्या चाकांवर. पुढची पकड मुद्दाम बेताची ठेवली, म्हणजे वळणावर अति झालं तर आधी नाक बाहेर जातं. नाक सरकलं तर नवखाही सावरतो. शेपूट सुटली तर गाडी गरकन फिरते. माझ्या मते एलिसच्या आखणीतला हा सर्वांत शहाणा आणि सर्वांत शिव्या खाल्लेला निर्णय. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी पहिलं काम केलं ते पुढचे टायर रुंद करण्याचं. पुढे लोटसनेच १९५ चे पुढचे टायर आणि योकोहामाचा ए०४८ देऊ केला, त्यात लोटससाठी खास बनवलेलं वाणही होतं. नक्षी नावापुरती, रबर मऊ. तापलेला असा टायर पिटकडे वळला की कडेची खडी त्याला चिकटते आणि चाकाच्या कमानीत तडातडा आपटत राहते.

खरी गोम तापण्यातच आहे. ट्रॅकचा टायर तापल्यावरच नीट पकडतो, आणि तापायला रबर दबलं-वाकलं पाहिजे. त्यासाठी वजन लागतं. दीड टनाच्या गाडीसाठी घडवलेला ताठ साइडवॉलचा टायर एलिसखाली पुरेसा वाकतच नाही. इंग्लंडमधल्या मार्चच्या गार सकाळी तो दुपारपर्यंत लाकडासारखा राहतो. हवा कमी करून थोडं साधतं, सगळं नाही. म्हणून जड गाडीवर पहिला आलेला टायर इथे मागे पडू शकतो. उलटही घडतं: योकोहामाचा ए०५२ झटकन तापतो, जड गाड्यांखाली मात्र काही फेऱ्यांतच जास्त तापून ढेपाळतो. हलक्या गाडीखाली तोच दोष फारसा जाणवत नाही.

पकड वाढली की तिचं बिल भलतीकडे येतं. २००४ पासून टोयोटाचं इंजिन असलेल्या गाड्यांत चिकट टायरवर लांब वळण घेतलं, की संपमधलं (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं) तेल एका कडेला जाऊन पंप हवा ओढू लागे. मग आडपडदे असलेला संप बसवा. मागच्या चाकांची दिशा धरून ठेवणाऱ्या टो-लिंकवर ताण वाढे, मग तीही मजबूत करा. टायर घेताना हा खर्च कुणी धरत नसे.

दरम्यान टोयो आर८८८, नानकांग एआर-१ असे पर्याय आले, आणि अमेरिकेतल्या हौशी स्पर्धांनी किमान २०० ट्रेडवेअरची (टायरवर छापलेल्या झीज-अंकाची) अट घातल्यावर रस्त्यावर चालणाऱ्या टायरांतच चुरस सुरू झाली. एलिसवाल्यांची अडचण वेगळीच: पंधरा-सोळा इंची मापं. गाड्यांची चाकं मोठी होत गेली तशी ही मापं यादीतून गळू लागली. लोटसवाल्यांचे आणि केटरहॅम या तशाच हलक्या गाड्यांवाल्यांचे आवडते एव्हन टायर बनवणारा मेल्कशॅमचा कारखाना २०२३ च्या अखेरीस बंद झाला. एलिसचं उत्पादन २०२१ मध्येच थांबलं होतं.

आता दुकानात टायर मिळाला तरी आधी साइडवॉलवरचे चार आकडे वाचायचे: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एवढ्या हलक्या गाडीखाली नक्षी सहजासहजी झिजत नाही; तापून-गार होऊन आणि वयाने रबर आधी कडक होतं. तेव्हा खोबणी खोल दिसली तरी जुना साठा स्वस्तात पदरात पाडून घेण्यात काही अर्थ नाही.