मागाला मागाची सोबत

कापूस पिकतो विदर्भात आणि मराठवाड्यात. यंत्रमाग खडखडतात ते इचलकरंजी, भिवंडी, मालेगावात. हे कोडे मला बरीच वर्षे सतावत होते. उत्तर यंत्रात असेल असे वाटे. ते सापडले यंत्रांच्या शेजारात.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी 1904 साली बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा त्यांना आश्रय होता. पण धंदा सुरू होण्याचे कारण आणि तो टिकण्याचे कारण एकच नसते.

टिकण्याचे कारण माग बंद पडतो तेव्हा कळते. बीमवरचे सूत संपले की नव्या बीमचे हजारो धागे जोडायला वहिफणी कामगार लागतो. माग बिघडला की जॉबर. सुताला खळ देणारे सायझिंग, सुट्या भागांचे दुकान, कापड उचलणारा व्यापारी, हे सारे इचलकरंजीत हाकेच्या अंतरावर. हजारो माग आहेत म्हणून जॉबरला रोज काम मिळते, म्हणून तो तिथे राहतो. आणि तो आहे म्हणून पुढचा मागही तिथेच बसतो. दहा मागांच्या गावात त्याचे पोट भरणार नाही.

हिशेब करून पाहू. समजा, एकट्या पडलेल्या कारखान्यातला माग जोडणी-दुरुस्तीची वाट पाहत महिन्यातून तीन दिवस जास्त थांबला. 26 ऐवजी 23 दिवस चालला. यंत्र तेच, सूत तेच, विणकर तितकाच हुशार. तरी कापड साडेअकरा टक्क्यांनी कमी. कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण. पुढे हीच घट त्या भागाची ‘कमी उत्पादकता’ म्हणून नोंदली जाते आणि बोल लागतो कामगाराला.

आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1890 सालच्या ग्रंथात एकवटलेल्या धंद्यांचे असे लाभ सांगितले होते: कसबी कामगारांची उपलब्धता, पूरक धंदे आणि एकमेकांचे पाहून पसरणारे ज्ञान. आपल्या राज्याच्या 2011च्या वस्त्रोद्योग धोरणाने विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातील नव्या प्रकल्पांना 10 टक्के भांडवली अनुदान देऊ केले. हेतू रास्तच होता. पण अनुदानाने यंत्र येते, जॉबर येत नाही. दहा तालुक्यांत दहा कारखाने विखुरण्यापेक्षा, ते सायझिंग आणि दुरुस्तीच्या सोयीसह एका जागी उभारणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मात्र या शेजाराचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणाऱ्या खर्चीवाल्याच्या शेजारी शेकडो खर्चीवाले असतात; मजुरी ठरवताना त्याची बाजू लंगडीच पडते. सुताचा भाव चढला की सगळे गाव एकदम आजारी पडते. तरीही मागास भागाला आळशी ठरवण्याआधी एवढे विचारावे: तिथे बंद पडलेला माग किती वेळात पुन्हा सुरू होतो?